नाणं जुनं, की नुसतं जुनं दिसणारं?



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी १८,००० रुपयांच्या अंतर्गत कर्जाची मागणी केली. सचिव ताईंनी नेहमीप्रमाणे कारण विचारलं. आधी त्या "घरखर्चाला" म्हणाल्या. हप्ता कसा फेडणार असं विचारल्यावर म्हणाल्या, "पंधरा दिवसांत सगळं एकदम फेडते, व्याजासकट." तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. पंधरा दिवसांत अठरा हजार फिटतील असं कोणतं पीक आपल्याकडे येतं?

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. ताईंनी मोबाईलवर चाललेल्या ऑनलाइन लिलावात ६,५०० रुपयांची बोली लावून एक "दुर्मिळ" नाणं घेतलं होतं. त्यावर एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि साल १८१८. असं नाणं लाखोंना जातं, असा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. नाणं विकायला टाकल्यावर दोनच दिवसांत गिऱ्हाईक आलं. नऊ लाख देतो म्हणालं. पण आधी नोंदणीचे १,१५० भरा. ते भरले. मग विम्याचे ४,८०० भरा. तेही भरले. आता रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र आलं होतं, की कराचे १८,००० भरले की नऊ लाख खात्यात जमा.

त्या दिवशी गटाने कर्ज दिलं नाही. ताई रडल्या, रागावल्यासुद्धा. पण त्या एका प्रश्नाने गटाचे अठरा हजार वाचले. या ताईंनीच सांगितलं, "माझं नाव नका घालू, पण गोष्ट छापा." म्हणून हा लेख.

१८१८ सालचं हे नाणं खोटं कशावरून?

यासाठी नाणेतज्ज्ञ लागत नाही. शाळेतला इतिहास आठवला तरी पुरतो. १८१८ म्हणजे पेशवाई संपली ते साल. तोवर आपल्या मुलखात मराठ्यांच्या टांकसाळींची नाणी चालत होती. कंपनीचा कारभारही तेव्हा मुंबई, मद्रास आणि बंगाल असा वेगवेगळा होता आणि नाणीही वेगवेगळी होती. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने पाडायला सुरुवात केली ती १८३५ पासून. राम दरबार असलेलं चलनी नाणं कंपनीने कधीच काढलं नाही.

मग हे तुकडे आले कुठून? देवाची चित्रं असलेले धातूचे ठसे आपल्याकडे पूर्वीपासून बनत आले. लोक ते देवघरात ठेवायचे, तीर्थाहून आणायचे. त्यांना रामटंका म्हणतात. ते पूजेचे, बाजारात चालणारे नव्हेत. त्याच धर्तीवर कुणीतरी पितळेचे ठसे पाडले, त्यावर कंपनीचं नाव टाकलं आणि १६१६, १७१७, १८१८, १८३९ अशी लक्षात राहतील अशी सालं घातली. हनुमान, ॐ, कमळ अशी चित्रंही त्यावर सापडतात. म्हणजे हे खऱ्या नाण्याची नक्कलसुद्धा नाही. असं खरं नाणं कधी नव्हतंच, मग नक्कल कशाची?

ताईंनो, इथे आपली श्रद्धा आड येते. देवाचं चित्र पाहिलं की "हे खोटं कसं असेल?" असं मनात येतं. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

खोटी नाणी आणखी कोणकोणती?

खोट्या नाण्यांचे साधारण तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार वर सांगितला. कधी नव्हतंच असं नाणं.

दुसरा प्रकार, खऱ्या नाण्याची नक्कल. आपल्याकडे यात सगळ्यात जास्त नाव वापरलं जातं ते शिवाजी महाराजांचं. महाराजांचा सोन्याचा होन खरोखर अतिशय दुर्मिळ आहे. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरं त्यावर असतात. किल्ल्यांच्या पायथ्याशी आठवण म्हणून पितळी होन मिळतात. घरात ठेवायला ते छानच. पण तोच होन काळवंडवून, मातीत घोळवून, "शेतात सापडला" म्हणून लिलावात टाकला की ती फसवणूक होते. तांब्याच्या शिवराईचं उलट आहे. शिवराई महाराजांनंतर पेशवाईतही पुष्कळ वर्षं पाडली गेली, त्यामुळे खरी शिवराई आजही बऱ्याच घरांत सापडते. "ही शिवराई आहे, म्हणजे लाखाची" असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही.

तिसरा प्रकार, खऱ्या नाण्यावर हातचलाखी. सहाव्या जॉर्ज राजाचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे. म्हणून १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून ८ चा ९ करतात. नाणं खरं, चांदी खरी, खोटा फक्त एक आकडा. किंमत मात्र त्या आकड्यासाठीच मागितली जाते.

याशिवाय खरीच पण दुर्मिळ नसलेली नाणी असतात. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी सरकारने २०१२ साली काढली. ती सरकारी टांकसाळीतलीच आहेत, पण रोजच्या चलनासाठी भरपूर पाडलेली. त्यांचे लाख रुपये कुणी देत नाही. ७८६ आकड्याच्या नोटेचंही तसंच समजा.

लिलावात डोळ्यांवर पट्टी कशी बांधतात?

आपण जनावरांच्या बाजारात गेलो तर गाईचे दात बघतो, चालवून बघतो, कास बघतो. ऑनलाइन लिलावात आपण फक्त फोटो बघतो. फोटो दुसऱ्याच खऱ्या नाण्याचा असू शकतो, आणि पाकिटातून येतं ते वेगळंच.

त्यात घड्याळ उलटं पळत असतं. "शेवटची दहा मिनिटं." आपण ३,००० म्हणालो की कुणीतरी ३,५०० म्हणतं. हे कुणीतरी बऱ्याचदा विकणाऱ्याचंच दुसरं खातं असतं. हौसेने बोली वाढत जाते आणि "इतके जण मागतायत म्हणजे खरंच असणार" असं आपल्याला वाटतं.

वर्णन नीट वाचलं तर बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात "प्रतिकृती", "खरेपणाची हमी नाही", "माल परत घेतला जाणार नाही" असं लिहिलेलं असतं. घाईत ते कुणी वाचत नाही. आणि विकणारा म्हणाला, "इथे नको, थेट माझ्या नंबरवर पैसे टाका, स्वस्तात देतो," तर तिथेच थांबा. त्या संकेतस्थळावर तक्रार करायची जी सोय असते, तीही त्यामुळे हातची जाते.

घरी आणि सोनाराकडे काय तपासाल?

फोटोवरून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. पण नाणं हातात असेल तर पुढच्या गोष्टी आपणही तपासू शकतो.

१. साल आणि राजा-राणीचा मेळ. राणी छाप रुपयावर आधी "व्हिक्टोरिया क्वीन" म्हणजे राणी असं लिहिलेलं असे. "एम्प्रेस" म्हणजे सम्राज्ञी हे शब्द आले १८७७ पासून. त्यामुळे "एम्प्रेस" लिहिलेलं आणि साल १८६२ असलेलं नाणं खोटं. व्हिक्टोरिया राणीचा जन्मच १८१९ चा, म्हणजे १८१८ सालच्या नाण्यावर तिचा मुखवटा असणं शक्य नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा.

२. वजन. १८३५ नंतरचा चांदीचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. अर्धा रुपया ५.८३ ग्रॅम आणि पावली २.९२ ग्रॅम. झिजून वजन थोडं कमी भरतं, पण एक-दोन ग्रॅमचा फरक पडला तर संशय घ्या. सोनाराच्या काट्यावर हे एका मिनिटात कळतं.

३. चुंबक. चांदी, तांबं, पितळ चुंबकाला चिकटत नाही. चांदीचं म्हणून घेतलेलं नाणं चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे. मात्र १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचाच आहे, तो चिकटतो आणि तरी खरा असतो.

४. कड. चांदीच्या रुपयाच्या कडेला बारीक, सारख्या रेघा असतात. साच्यात ओतून केलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ दिसते, कधी कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात.

५. अक्षरं. खरं नाणं ठशाने दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे झिजलं तरी अक्षरांच्या कडा नीट कळतात. ओतीव नाण्याची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत आणि फुगीर दिसतात. बुडबुड्यांचे बारीक खड्डेही असतात.

६. पाण्याची परीक्षा. सोनाराच्या बारीक काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काठाला लागू द्यायचं नाही. चांदीच्या जुन्या रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. तितक्याच वजनाचं नाणं पितळेचं असेल तर आकडा १.३८ च्या आसपास जातो. म्हणजे वरून चांदीचा मुलामा दिला तरी पाणी फसत नाही.

एक अगदी महत्त्वाचं. नाणं चिंचेने, राखेने, पावडरने घासू नका. पूजेची भांडी घासतो तसं घासलं की त्याच्यावरची जुनी झाक जाते, आणि खऱ्या नाण्याचीही किंमत कमी होते.

या परीक्षांत नापास झालं तर नाणं नक्कीच संशयास्पद. पण पास झालं म्हणून लगेच लाखाचं ठरत नाही. आकडा कोरलेला १९३९ चा रुपया वजनात आणि पाण्यात पास होतो. तिथे जाणकाराच्या हातातच नाणं द्यावं लागतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. खरी नाणी कशी दिसतात हे तिथे बघता येतं. अभ्यास दौरा काढणाऱ्या ग्रामसंघांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

विकायला निघालात तर?

सासूबाईंच्या पेटीतले, माळेतले, लक्ष्मीपूजनाचे रुपये आपल्यापैकी अनेकींकडे आहेत. त्यांची खरी किंमत समजून घ्या. १९३९ पर्यंतच्या बंद्या रुपयात शंभरातले जवळपास ९२ भाग चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे रुपयामागे साधारण ५.८ ग्रॅम. १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच. त्या दिवशीचा चांदीचा भाव काढा आणि गुणाकार करा. झीज वजा जाता, त्याच्याखाली नाणं देऊ नका. नाणं दुर्मिळ असेल तर वरचे पैसे मिळतील, नसेल तर निदान चांदीचे तरी मिळतील. अडल्या-नडल्या बाईकडून राणी छाप रुपया शंभर-दोनशेला नेणारे फेरीवालेही आहेत, हे विसरू नका.

आणि आता तो "गिऱ्हाईक". खरा घेणारा पैसे देतो, मागत नाही. लिलाव करणाऱ्या खऱ्या संस्थेचं कमिशन असतं, पण ते सहसा विक्रीच्या रकमेतून कापून घेतात. नोंदणी, विमा, कर, "फाईल चार्ज" म्हणून आधी पैसे मागणारा माणूस नाण्याचा गिऱ्हाईक नाही. त्याला नाणं नकोच आहे, तुमचे पैसे हवे आहेत. त्या ताईंचं नाणं त्याने एकदाही हातात मागितलं नव्हतं, हे बघा.

रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं तरी घाबरू नका, भुलूही नका. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि आपल्या वतीने ते घ्यायला तिने कुणालाही नेमलेलं नाही.

मोबाईलवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, चौकोनी कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे घरातल्या मुलांनाही सांगा.

अजून एक. शेतात, घराच्या पायात खोदताना जुनी नाणी सापडली तर ती परस्पर विकता येत नाहीत. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय परदेशी पाठवणंही गुन्हा आहे. म्हणून "हंडा सापडलाय, गुपचूप घ्या" म्हणणारा आला तर दोन्हीकडून अडचण. माल खोटा निघाला तर पैसे गेले, आणि खरा निघाला तर कायदा आडवा आला.

पैसे गेले असतील तर

लाज वाटून गप्प बसू नका. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

• लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. बँक सखी ताई मदत करतील.
• आपल्या बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा.
• संदेश, फोटो, नंबर, आलेलं पत्र, पाकीट काहीही पुसू किंवा फेकू नका. हाच पुरावा आहे.
• विक्रेत्याने खोटा माल दिला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.
• "गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन आला तर तोही त्याच टोळीचा समजा.

फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. पोलीस ठाण्यात एकटीने जायला भीती वाटत असेल तर ग्रामसंघाच्या दोघी-तिघी सोबत जा.

बैठकीत एवढं ठरवू या

येत्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. एक, कुठलीही नोंदणी फी, कर किंवा विमा भरून मोठी रक्कम मिळणार असेल, तर त्यासाठी गटाचं कर्ज द्यायचं नाही. दोन, पाचशे रुपयांवरची ऑनलाइन खरेदी किंवा विक्री करण्याआधी गटातल्या एकीला तरी दाखवायची. तीन, फसलेल्या ताईला कुणी हसायचं नाही. हसलो तर पुढची कुणी सांगणार नाही, आणि चोराला तेच हवं असतं.

शेवटी त्या ताईंबद्दल. कर्ज नाकारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "बरं, मग हे नाणं मीच लिलावात टाकते. निदान माझे साडेसहा हजार तरी निघतील." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग गटातल्या वयस्कर आत्या म्हणाल्या, "निघतील गं. पण ते तुझ्यासारखीच्याच पदरातून निघतील."

ताईंनी नाणं विकलं नाही. सोनाराकडे नेलं तेव्हा ते पितळेचं निघालं. दुसऱ्या दिवशी सचिव ताईंच्या मोबाईलवरून १९३० ला तक्रार झाली आणि नाणं पाकिटासकट पुरावा म्हणून जपून ठेवलं आहे. गेलेले १२,४५० रुपये परत येतील की नाही, ते अजून ठरायचं आहे. ताई मात्र त्या आठवड्याची बचत घेऊन नेहमीसारख्या बैठकीला आल्या, आणि गटाने त्यांच्यासाठी जागा करून दिली.